चढणाऱ्याला वाट

रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्या फोनमधून एक घरघर ऐकू यायची. आधी लेकीचे दोनच शब्द, "आई, निघाले," आणि त्या शब्दांच्या पाठीमागे दूरवर, न थांबता वाहणारा एक जाड, एकसुरी नाद. इथे कोकणात, मांडवीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचे कान समुद्राच्या गाजेला सरावलेले असतात. भरतीची गाज कोणती आणि ओहोटीची कोणती, हे आम्ही कढईत मासे परततानासुद्धा सांगू शकतो. पण ही गाज निराळी होती. तिला भरती नव्हती, ओहोटी नव्हती, एक लाट फुटून दुसरी येईपर्यंत पडणारी ती क्षणभराची शांतताही नव्हती. हजारो चाकं एकाच वेळी एकाच दिशेने धावताना रस्त्याच्या पाठीवरून उठणारा तो आवाज एवढं अंतर ओलांडून माझ्या ओट्यापाशी यायचा आणि मला नाना प्रश्न पाडून जायचा.

गाडी चालवताना फोनवर बोलू नये हे तिला कळतं आणि मला तर जरा जास्तच कळतं. म्हणून आमचा करार असा, की तिने गाडीतल्या स्पीकरवर 'निघाले' म्हणायचं, मी 'बरं' म्हणायचं आणि मग फोन तसाच चालू ठेवून दोघींनी गप्प बसायचं. ती गाडी चालवायची, मी रस्ता ऐकायची! हसू नका. तुम्हीही ऐकून पाहा. उड्डाणपूल आला की सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा ठेका सुरू होतो, धड-धड, धड-धड. पुलाखालून जाताना आवाज दाटतो आणि खाडीवरच्या लांब पुलावर तो एकदम मोकळा होतो. मुंबईचा मोठा नकाशा मी डायनिंग टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवला होता. कानाने ऐकावं, बोटाने नकाशावर सरकावं, आणि भाजी करपेपर्यंत लेकीबरोबर त्या महानगरातून प्रवास करावा, हा माझा नेम होऊन बसला होता.

आता थोडी ओळख करून देते. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता निवृत्त आहे, म्हणजे शिकवायला मुलं नाहीत आणि शिकवायची खोड मात्र गेलेली नाही. मुक्ता माझी एकुलती एक. ठाण्यात राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांना पुन्हा उठायला, बसायला, चालायला शिकवते. सकाळी मुलुंड, दुपारी चेंबूर, संध्याकाळी खाडीपलीकडे वाशी. गाडीच्या मागच्या सीटवर गुंडाळलेल्या गाद्या, रबरी पट्टे, एक घडीचा वॉकर. "आई, आज आजोबा दारापर्यंत चालले," हे वाक्य ती ज्या सुरात सांगते, त्या सुरात मी कधी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचंही नाव घेतलं नसेन. तिचं ते सगळं काम त्या द्रुतगती रस्त्यांच्या आधाराने उभं होतं. रस्ता नसता तर तिचा दिवस एकाच आजोबांपाशी संपला असता.

नकाशात त्या रस्त्यांकडे पाहता पाहता मला एक गंमत जाणवली. मी जन्मभर मुलांना नद्या शिकवल्या. उगम, उपनद्या, संगम, मुख. डोंगरातून निघालेल्या बारीक रेषा एकमेकींना भेटत भेटत जाड होतात आणि समुद्राला मिळतात. महानगराच्या महामार्गांचं चित्रही अगदी तसंच दिसतं. गल्ल्या रस्त्यांना मिळतात, रस्ते महामार्गाला, आणि महामार्ग शहराच्या पोटात शिरतो. पण नदी एकदा मिळाली की मिळाली. ती पुन्हा आपली ओळख घेऊन बाहेर पडत नाही. इथे मात्र मिळणं आणि फुटणं दोन्ही जागोजाग चाललेलं. कोपरीहून आलेला माणूस त्या प्रवाहात शिरतो, पाच-दहा मिनिटं अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून वाहतो आणि विक्रोळीला सुटा होऊन निघून जातो. कोण कुठून आलं, कोणाला कुठे जायचंय, कोणी कोणाला विचारत नाही. एवढ्या माणसांचा एवढा जवळून प्रवास आणि एका शब्दाची देवाणघेवाण नाही, हे नवलच नाही का?

आणि ते वेटोळे चौक! मुक्ताबरोबर पहिल्यांदा अशा एका चौकातून गेले तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, आपल्याला उजवीकडे जायचंय ना? तू डावीकडे का वळलीस?" ती म्हणाली, "उजवीकडे जायचं असलं की इथे डावीकडेच वळतात." आणि खरंच, गाडीने डावीकडे मोठी गिरकी घेतली, आपल्याच रस्त्याखालून गेली आणि उजवीकडे जाऊन उभी राहिली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्या रस्त्याच्या दुभाजकात बोगनवेल फुललेली होती. तिला पाणी कोण घालतं, कधी घालतं, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाटत असताना तो माणूस रस्ता कसा ओलांडतो, हे मी मुक्ताला विचारलं. तिने रोज तिथून जाऊन कधी त्याला पाहिलं नव्हतं. मला तो अजून हवा आहे, पाहायला.

आमच्याकडचा रस्ता म्हणजे बोलका प्राणी. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, जाताना वाट चुकली तर काच खाली करायची आणि कोणालाही विचारायचं. "ह्या असं सरळ जा, पुढे पऱ्या लागंल, पऱ्या वलांडलात की उजव्या हाताला चिऱ्याची खाण, तिथनं हाकेवर घर." पऱ्या म्हणजे ओढा. किलोमीटर कोणी सांगत नाही. सांगणारा नुसतं सांगून थांबत नाही. कोणाकडे चाललात, त्यांचा मुलगा आला का मुंबईहून, तेही विचारून घेतो. दापोलीला जायचं तर तिथे रेल्वे नाही. एसटी किंवा आपली गाडी, आणि वाटेत इतकी वळणं की पोचेपर्यंत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी नातं निघतं. अशा रस्त्यांवर मी चाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी चिटपाखरू नसतं. तिथे मी शिकले आणि तिथेच, पुढे बारा वर्षांनी, मुक्ताला शिकवलं.

क्लच-ब्रेक कोणीही शिकवील. मी तिला शिकवले ते रिवाज. आंधळ्या वळणावर आधी हॉर्न द्यायचा, आणि पलीकडून उत्तर येतं का ते ऐकायचं. गुरं रस्त्यात बसली असली तर इंजिन कमी करून वाट बघायची. आणि सगळ्यात मोठा रिवाज आंबा घाटातला. घाट उतरताना समोरून कोणी चढत येत असेल, तर उतरणाऱ्याने बाजूला होऊन थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला, की त्याला पुन्हा उचलणं किती जड जातं, ते उतरणाऱ्याला कळत नसलं तरी त्याने मानायचं. चढून गेलेला ड्रायव्हर जाता जाता हात वर करतो. त्या हातासाठी थांबायला मला फार आवडायचं. मी मुक्ताला घाटात दहा वेळा वर-खाली नेऊन तो रिवाज तिच्या अंगात मुरवला. "लक्षात ठेव," मी म्हणायची, "चढतोय त्याचा मान पहिला. तू थांब." आपण मुलीला गाडीबरोबर माणुसकीही शिकवतोय, असं वाटून मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर हात फिरवून घेत असे.

यंदा नवरात्राच्या सुमाराला फोनमधली घरघर बंद झाली. 'आई, निघाले' यायचं, पण मागे रस्ता नसायचा. कधी लिफ्टची घंटी, कधी कुकरची शिट्टी, एकदा तर शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका. मी नकाशावर बोट ठेवून बसायची आणि बोट जागच्या जागी राहायचं. दोन-तीन दिवस गप्प राहिले. मग राहवलं नाही. "कुठून बोलतेस गं?" "रस्त्यातच आहे." "रस्ता ऐकू येत नाही तो?" ती चिडली. मुलीच्या आयुष्यात नाक खुपसू नये असं मी दर महिन्याला ठरवते आणि दर महिन्याला ते मोडते. त्या दिवशी मात्र तिने फोनच ठेवून दिला.

दिवाळीनंतर ती आली. एरवी गाडी घेऊन यायची, ह्या खेपेला रेल्वेने आली, पाठीवर एक सॅक. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मी गाडी विकतेय. रविवारी माणूस बघायला येणार आहे, बहुतेक घेऊनच जाईल. आणि घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये जागा आहे, तिथे बसणार आहे. पायी जाता येतं." मी विचारलं, "आणि आजोबा?" ती भात कालवत राहिली. वाशीच्या त्या आजोबांना दारापासून जिन्यापर्यंत न्यायचं तिने ठरवलं होतं. मला त्या घराच्या पायऱ्यांची संख्यासुद्धा पाठ झाली होती. "त्यांना दुसरं कोणी तरी मिळेल," ती म्हणाली, आणि उठून हात धुवायला गेली. तिने मासा अर्धा टाकला होता. मुक्ताने सुरमई अर्धी टाकली म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मांडवीच्या जेटीवर गेलो. तिथे इब्राहिमभाई गळ टाकून बसलेले असतात. ते आमच्याच वाडीतले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. आखातातल्या एका मोठ्या शहरात त्यांनी आयुष्याची उमेदीची सगळी वर्षं ट्रेलर चालवला. एका अंगाला सहा-सहा पट्ट्यांचे ते रस्ते त्यांच्या बोलण्यातून मी इतके ऐकले आहेत, की तिथे न जाताही मला तिथली बाहेर पडायची वाट सापडेल. आता ते निवांत आहेत. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर अधिक ठीक, कारण मग आणखी बसता येतं. मुक्ताला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. तिला बघताच म्हणाले, "काय गो मुक्ता, गाडीचा आवाज आला न्हाय तो? गाडी खंय ठेवलीस?"

आणि जे मला महिनाभर सांगितलं नव्हतं ते तिने चाचांना पाच मिनिटांत सांगून टाकलं! मी दुसरीकडे बघत, पण कान तिकडेच लावून, उभी राहिले. घडलं होतं ते असं. सकाळची वेळ. ती पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या एका उड्डाणपुलावरून खाली उतरत होती. पूल जिथे संपतो तिथे डावीकडून, खालच्या सर्व्हिस रोडवरून, एक चढाची वाट येऊन मुख्य रस्त्याला मिळते. त्या चढावरून एक भरलेला टेम्पो वर येत होता. तिने तो पाहिला आणि ती थांबली. भर महामार्गावर, पुलाच्या उतारावर, गाडी उभी. मागच्या बसने ब्रेक मारला, तिच्या मागच्याने मारला, टायर किंचाळले, बस हातभर अंतरावर येऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण बसचा ड्रायव्हर खाली उतरून तिच्या काचेपाशी आला आणि ओरडला नाही. नुसता कपाळाला हात लावून उभा राहिला. त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "चाचा, मी का थांबले तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "समोर काही नव्हतं. पाय आपोआप गेला. उद्या परत जाईल. मागे शाळेची बस असेल तर?"

इब्राहिमभाईंनी गळ बाजूला ठेवला. आधी ते हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "अगो बाय माझे," ते म्हणाले, "तू घाटातला रिवाज मुंबैत चालवलास! चढणाऱ्याला वाट दिलीस." आणि माझ्याकडे वळून, "बाई, हिला घाट कोणी शिकवला?"

काळजात चर्र झालं, असं आपण उगाच कशालाही म्हणतो. त्या दिवशी खरोखर झालं. कोणी शिकवला! ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान, तीच माझ्या मुलीच्या पायात जाऊन बसली होती आणि त्या शिकवणीनेच मुलीला भर रस्त्यात उभं केलं होतं. मला वाटलं होतं, शहाणपण कुठेही न्यावं, ते सगळीकडे शहाणपणच असतं. मुलांना मी शिकवत आले, की एकाच पावसाने देशावर एक पीक येतं आणि कोकणात दुसरं, कारण जमीन वेगळी. पण हे घरच्या शिकवणीला लावून बघायचं मला कधी सुचलं नाही. घाटात थांबणं ही दया होती. त्या पुलावर तेच थांबणं मागच्या पन्नास माणसांच्या जिवावर बेतलं असतं. दोन्ही ठिकाणी मन तेच होतं, रस्ता तेवढा बदलला होता. मी मुक्ताला म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? तू घाट शिकवत होतीस." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"मी पण थांबलेलो," इब्राहिमभाई मध्येच म्हणाले. "आखातात पयल्याच आठवड्यात. अशीच चढाची वाट, असाच मिनी ट्रक. मी आपला थांबलो, वर हात करून त्याला म्हणतोय, ये भावा, ये. मागनं जो भोंगा वाजला, मी महिनाभर झोपेतनं दचकत होतो. आमच्या कंपनीत केरळचा एक म्हातारा ड्रायवर होता, तो शेजारी बसून मला शिकवलान. तू उद्या सकाळी ये. बाईंची गाडी घेऊ."

अशा रीतीने माझी जुनी छोटी गाडी, सत्तरीला आलेला गुरू, तेहतिशीची शिष्या आणि मागच्या सीटवर मी, असे आम्ही हातखंब्याच्या पुढे चौपदरी महामार्गावर जाऊ लागलो. तो रस्ता अजून कुठे पुरा झालाय, कुठे नाही. पण जिथे झालाय तिथे सर्व्हिस रोड येऊन मिळतो आणि महानगराची छोटी आवृत्ती तयार होते. सिमेंटवर चाकांचा आवाजही तसाच निघतो, फोनमधल्यासारखा. मुक्ता पहिल्या दिवशी चाळीसच्या पुढे गेली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे. इब्राहिमभाई कधी आवाज चढवत नाहीत. "वाट द्यायची," ते म्हणत, "जरूर द्यायची. पण थांबून न्हाय, चालत्या गाडीत. लांबनंच बघायचं कोण चढतोय. बाजूची पट्टी मोकळी हाय? आरशात बघ, सिग्नल दे, सरक. मोकळी न्हाय? जरा पाय सैल सोड, तो पुढं घुसंल. नायतर जरा दाब, तो मागनं शिरंल. त्याला जागा गावली की तुझं काम झालं."

मागे बसल्या बसल्या मला खाडीचं तोंड आठवलं. भाट्याच्या खाडीत होड्या शिरतात तेव्हा मुखाशी लाट उंच होते. तिथे नाखवा होडी थांबवून विचार करत बसत नाही. थांबला तर लाट होडीला आडवी घेते. तो वेग राखून, लाटेच्या पाठीवरून आत येतो, आणि दुसरी होडी बाहेर पडत असली तर किंचित अंग चोरून तिला वाट देतो. मी हे लहानपणापासून रोज बघत आले. मग मला महामार्ग एवढा निष्ठुर का वाटला? तिथे कोणी कोणाला विचारत नाही, हात वर करत नाही, म्हणून तिथे कोणी कोणासाठी काही करत नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. खरं तर त्या अखंड घरघरीत क्षणाक्षणाला कोणी ना कोणी पाय सैल सोडत असणार, कोणी एक पट्टी सरकत असणार. नाही तर एवढे लोक रोज घरी पोचले असते का? ही सभ्यता आभार मानायलाही थांबू शकत नाही, म्हणून ती दिसत नाही, एवढंच. हे कळल्यावर मला त्या रस्त्यांबद्दल एकदम माया वाटली. भूगोलाची बाई असून तीस वर्षांत नकाशातल्या जाड लाल रेघेबद्दल मला कधी माया वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुक्ता ऐंशीवर गेली. चढावरून येणाऱ्या चिऱ्याच्या ट्रकला तिने पट्टी बदलून जागा दिली, थांबली नाही. इब्राहिमभाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरगी तयार हाय. तुम्ही पाय उचला." मी खाली बघितलं. माझा उजवा पाय मागच्या सीटपुढच्या रबरी चटईवर, जिथे कुठलाच ब्रेक नव्हता तिथे, गच्च दाबलेला होता. तिन्ही दिवस तो तिथेच होता. चटईला खड्डा पडायचा राहिला होता. आम्ही तिघंही खूप हसलो, पण मी पाय उचलला नाही. म्हणजे उचलला, आणि पुढचा चढ येताच तो पुन्हा खाली गेला.

शुक्रवारी आम्ही दोघी रेल्वेने ठाण्याला गेलो. शनिवारी सकाळी मुक्ताने गाडीवरचं कापड काढलं. महिन्याभराची धूळ त्यावर बसली होती. रविवारी तो माणूस येणार होता. त्याला नको म्हणून अजून कळवलेलं नव्हतं. "आज त्या पुलावरून गेले तर कळवीन," ती म्हणाली, "नाही तर चावी देऊन टाकेन. पुन्हा पुन्हा हे मला जमायचं नाही." मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. गाडीत पुढे बसले. वस्तीतल्या रस्त्यांवर ती छान चालवत होती. मग महामार्गाच्या आधीच्या पेट्रोल पंपावर तिने हवा भरून घेतली, परत येऊन बसली, चावी फिरवली आणि पुन्हा बंद केली.

"आई," ती समोर बघत म्हणाली, "तू उतरतेस का?"

मला आधी कळेना. मग तिने खाली बघितलं, माझ्या पायाकडे. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आणि माझा पाय नसलेला ब्रेक दाबून बसला होता. "तू दाबलास की माझाही जातो," ती म्हणाली. रागाने नव्हे. किती हळू म्हणाली ती! मला वाईट वाटलं, सरळ सांगते, फार वाईट वाटलं. जिला मी गाडीत बसवलं तिने मला गाडीतून उतरवलं. पण ती खरं बोलत होती, आणि मी तिची आई असले तरी बाईही होते; विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिलं तर ते बरोबर म्हणावंच लागतं. मी पर्स उचलली आणि उतरले. पंपाच्या पुढेच महामार्गावरून पलीकडे जाणारा पादचारी पूल होता. "मी त्याच्यावर उभी राहते," म्हटलं. "तू एक फेरी मारून ये." ती म्हणाली, खालून वळून, मागून तो उड्डाणपूल चढून ती ह्याच बाजूने उतरेल, आणि पुढच्या वळणावरून मला घ्यायला येईल. दहा-पंधरा मिनिटं लागतील.

लोखंडी पायऱ्या चढून मी वर गेले. नकाशातली जाड रेघ आयुष्यात पहिल्यांदा मी अशी वरून, जिवंत पाहिली. समोर तो उड्डाणपूल, त्यावरून ओघाने उतरणाऱ्या गाड्या. डावीकडून ती चढाची वाट, तीवरून रिक्षा, टेम्पो, भाजीच्या 'छोटा हत्ती' गाड्या एकामागून एक वर येत होत्या आणि माझ्या बरोबर पायाखाली दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत होते. पूल खालच्या वाहतुकीने थरथरत होता. कठड्याला धरलेल्या माझ्या हातांना ते जाणवत होतं. मी पांढरी गाडी शोधू लागले. पांढऱ्या गाड्या किती असाव्यात! एक आली, ती लांब होती. दुसरी आली, तिच्या टपावर कॅरियर. चार एकदम आल्या. नंबर वाचावा तर चष्म्यातून दिसेना, आणि दिसेपर्यंत गाडी पुलाखाली निघून जायची. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चढावरून एक काठोकाठ भरलेला टेम्पो धापा टाकत वर आला, आणि उतारावरच्या गाड्या जराशा विरळ झाल्या, एक डावीकडची उजवीकडे सरकली, एक किंचित मंदावली, आणि टेम्पो आत शिरला. त्यातली ती कोणती? ती होती तरी का?

माझ्या शेजारून डबा घेतलेला एक माणूस चालला होता. मला असं वाकून बघताना पाहून तो थांबला आणि त्यानेही खाली डोकावलं. "काय झालं मावशी? ॲक्सिडंट झाला का?"

"नाही हो," मी म्हटलं. "कोणीच थांबलं नाही."

त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि तो निघून गेला. मी तशीच उभी राहिले. पंधरा मिनिटं उलटून गेली होती. म्हणजे माझी मुलगी ह्या पुलाखालून केव्हाच गेली होती आणि मला ती ओळखू आली नव्हती. डोळे पुसले आणि दूर, नजर पोचेल तिथपर्यंत, पुन्हा एकवार सगळ्या पट्ट्या नीट पाहून घेतल्या. एकही गाडी उभी नव्हती.